मास्तर धनपतराय

वाचकहो, दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गात हिंदीच्या तासाला मी ‘ईदगाह’ ही कथा शिकवीत होतो. हमीद नावाचा चार-पाच वर्षांचा पोरका मुलगा ईदच्या जत्रेला जातो. त्याच्या खिशात अवघे तीन पैसे असतात. बरोबरीची मुले मातीची खेळणी आणि मिठाई घेतात आणि हा पठ्ठ्या, भाकरी शेकताना बोटे भाजून घेणाऱ्या आपल्या आजीसाठी लोखंडी चिमटा घेऊन घरी येतो. आपल्यापैकी पुष्कळांनी ही कथा शाळेतच वाचली असेल. धडा संपला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, हे प्रेमचंद हिंदू होते की मुसलमान?” वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न खरा होता. ईदच्या सकाळची घाई, शेवयांसाठी घरोघरी चाललेली दुधा-साखरेची जमवाजमव, ज्या घरात ईदला दाणा नाही त्या घरातल्या म्हातारीच्या जिवाची घालमेल, हे सारे बाहेरच्या माणसाला इतके हुबेहूब कसे ठाऊक, असे त्या मुलाला वाटले होते.

मी त्याला सांगितले की, लेखकाचे खरे नाव धनपतराय. जन्माने ते कायस्थ हिंदू. पण पहिली अक्षरे त्यांनी गिरविली ती मौलवीसाहेबांपुढे बसून, आणि तीही उर्दूची. त्यावर पोराने लगेच दुसरा प्रश्न टाकला, “मग त्यांना हिंदीचे लेखक म्हणायचे की उर्दूचे?” तेवढ्यात घंटा झाली. खरे सांगायचे तर त्या घंटेने माझी सुटका केली. स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला तेव्हा हे राहून गेलेले उत्तर आठवले. ते येथे सविस्तर देतो.

धनपतरायांचा जन्म ३१ जुलै १८८० रोजी बनारसजवळच्या लमही या खेड्यात झाला. वडील अजायबलाल टपाल खात्यात कारकून होते. त्यांचा पगार मृत्यूपर्यंत कसाबसा चाळीस रुपयांवर गेला होता. उत्तरेकडील कायस्थ घराण्यांचा पिढीजात व्यवसाय लेखणीचा. आपल्याकडे दप्तरात जशी मोडी, तशी तिकडे कचेरीत फारसी आणि नंतर उर्दू. त्यामुळे गावाशेजारच्या मौलवींकडे मुलाला धाडणे ही त्या काळी काही वेगळी गोष्ट नव्हती. ते रीतसर शिक्षण होते. संयुक्त प्रांताच्या कचेऱ्यांत नागरी लिपीला परवानगी मिळाली ती १९०० साली, आणि याच वर्षी हा मुलगा सरकारी नोकरीत लागला, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्या दोन लिप्यांवरून पुढे इतके रण माजले त्या दोन्ही त्याच्या आयुष्यात शेजारणींसारख्या नांदल्या.

आई सात-आठ वर्षांचा असताना गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले. वडिलांच्या बदलीमुळे गोरखपूरला असताना एका तंबाखूवाल्याच्या दुकानात ‘तिलिस्मे होशरुबा’चे वाचन चाले, तेथे हा मुलगा तासन् तास बसे. एका पुस्तकविक्रेत्याशी त्याने करार केला होता. विक्रेत्याची मार्गदर्शक पुस्तके शाळेतल्या मुलांना विकायची आणि त्या मोबदल्यात दुकानातल्या कादंबऱ्या वाचून परत करायच्या. उर्दूत उपलब्ध असलेल्या कादंबऱ्यांचा फडशा त्याने तेरा-चौदा वर्षांच्या वयात पाडला. आज आपण विद्यार्थ्यांच्या हातातले अवांतर पुस्तक काढून घेतो तेव्हा मला हा तंबाखूवाला आठवतो.

पंधराव्या वर्षी लग्न झाले आणि थोड्याच काळात वडील वारले. सावत्र आई, तिची मुले, स्वतःची पत्नी, आणि कमाई शून्य. धनपत तेव्हा बनारसच्या क्वीन्स कॉलेजच्या शाळेत शिकत होता. फी माफ होती, पण पायात जोडा नव्हता. सकाळी आठला घर सोडायचे, साडेतीनला शाळा सुटली की एका मुलाची शिकवणी करायची, सहाला तेथून निघून पाच मैल पायी चालत रात्री आठला घर गाठायचे आणि मग ढणढण्या दिव्यापुढे अभ्यासाला बसायचे. एवढे करून १८९८ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दुसऱ्या वर्गात पास झाला. पहिला वर्ग हुकल्याने कॉलेजात फी माफ होईना. दुसऱ्या कॉलेजात प्रयत्न केला, तेथे गणित आडवे आले. गणित हा त्याचा जन्माचा वैरी. ते शिखर काही त्याला चढता आले नाही.

पुढची हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहिली आहे. एका वकिलाच्या मुलाला शिकविण्याचे पाच रुपये मिळत. वकिलाच्या तबेल्यावरच्या मातीच्या खोलीत मुक्काम. त्या पाचातून घरीही धाडायचे. एकदा थंडीच्या दिवसांत हाती काहीच उरले नाही. दोन दिवस एकेक पैशाचे फुटाणे खाऊन काढले. अखेर चक्रवर्तींच्या अंकगणिताची किल्ली, जी दोन रुपयांना घेतली होती, ती घेऊन दुकान गाठले आणि एका रुपयाला विकली. दुकानात बसलेल्या एका गृहस्थांनी विचारपूस केली. ते चुनारच्या मिशन शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांना एक मॅट्रिक झालेला शिक्षक हवा होता. पगार अठरा रुपये. १८९९ सालची ही घटना. गणिताने ज्याला कॉलेजातून बाहेर काढले त्याला गणिताच्याच पुस्तकाने शाळेत आणून बसविले.

दुसऱ्या वर्षी बहराइचच्या सरकारी शाळेत वीस रुपयांवर नेमणूक झाली आणि तीनच महिन्यांत प्रतापगडला बदली. पुढे अलाहाबादच्या प्रशिक्षण महाविद्यालयात दोन वर्षे काढून १९०४ मध्ये अध्यापनाची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. त्या प्रमाणपत्रावर एक शेरा होता. हे गृहस्थ गणित शिकविण्यास पात्र नाहीत! आमच्या शिक्षक-खोलीत हा किस्सा सांगितला की गणिताचे सर सर्वांत जास्त खूश होतात. असो. याच सुमारास बनारसच्या एका उर्दू साप्ताहिकात त्यांची पहिली कादंबरी ‘असरारे मआबिद’ क्रमशः येऊ लागली होती. देवस्थानांतील महंतांच्या भानगडी हा तिचा विषय. लेखकाचे नाव धनपतराय उर्फ नवाबराय. नवाब हे चुलत्याने ठेवलेले लाडाचे नाव होते.

१९०५ मध्ये कानपूरला बदली झाली आणि ‘जमाना’ या उर्दू मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांच्याशी मैत्री जडली. ती अखेरपर्यंत टिकली. १९०८ मध्ये ‘जमाना’च्या छापखान्यातूनच ‘सोजे वतन’ हा पाच कथांचा छोटा संग्रह बाहेर पडला. नावाचा अर्थ देशासाठी होणारी तगमग. वंगभंगानंतरचा तो काळ. इकडे पुण्या-मुंबईत त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला होता, हे आपणांस सांगावयास नको. दुसऱ्या वर्षी नवाबरायांना बढती मिळून ते हमीरपूर जिल्ह्यात शाळांचे उपनिरीक्षक झाले. कुठल्याशा तालुक्यात दौऱ्यावर असताना कलेक्टरचे बोलावणे आले. रातोरात बैलगाडी जोडून तीस-चाळीस मैलांची मजल मारून हा मनुष्य साहेबाच्या मुक्कामी पोचला. टेबलावर ‘सोजे वतन’ची प्रत ठेवलेली. हे तुम्ही लिहिले काय, असे विचारताच त्यांनी कबूल केले. साहेबाने एकेका कथेचा मतलब विचारला, संतापला, आणि इंग्रजी राज्यात आहात म्हणून सुटलात, मोगलाई असती तर दोन्ही हात तुटले असते, अशा आशयाचे सुनावले. निकाल असा लागला की शिल्लक प्रती सरकारजमा कराव्यात आणि पुढे एकही अक्षर परवानगीवाचून छापू नये. हजार प्रती छापल्या होत्या, जेमतेम तीनशे खपल्या होत्या. उरलेल्या सातशे साहेबाच्या हवाली झाल्या आणि जाळल्या गेल्या.

वाचकहो, या प्रसंगाचा जो अर्थ सहसा सांगितला जातो त्याहून एक वेगळी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. धनपतरायांनी त्या दिवशी राजीनामा फेकला नाही. मान खाली घातली, प्रती आणून दिल्या आणि नोकरी राखली. घरी खाणारी तोंडे होती. त्यानंतर त्यांनी निगमांना पत्रातून कळविले की, विषय कोणताही असो, लेख आधी साहेबाला दाखवावा लागणार. मग लिहायचे कसे? निगमांनी नवे नाव सुचविले. नवाबराय संपला आणि १९१० च्या डिसेंबरात ‘जमाना’त ‘बडे घर की बेटी’ ही कथा प्रेमचंद या नावाने अवतरली. म्हणजे ज्या नावाला आपण आज वंदन करतो ते मुळात एका नोकरदाराने आपली भाकरी सांभाळून सत्य लिहिता यावे म्हणून पांघरलेले होते. आपल्यातले जे महिन्याच्या पगारावर जगतात त्यांना यात काही कमीपणा वाटू नये असे मला वाटते. मला तरी वाटत नाही.

शाळा तपासणीच्या निमित्ताने बुंदेलखंडातली खेडी पालथी घालता आली. ‘रानी सारंधा’, ‘राजा हरदौल’ या कथा त्या मातीतल्या. पण या फिरतीचे खरे पीक पुढच्या खेड्यांवरील कथांत आले. १९१६ ची ‘पंच परमेश्वर’ पाहा. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी हे जिवलग मित्र. जुम्मनची म्हातारी मावशी त्याच्याविरुद्ध पंचायत बोलावते आणि पंच म्हणून नेमका अलगूलाच निवडते. पंचाच्या जागी बसल्यावर माणसाच्या जिभेला मैत्री आठवत नाही आणि वैरही आठवत नाही. ही कथा ऐक्याचे धडे देण्यासाठी लिहिली आहे असे वाचताना कोठेही जाणवत नाही. गावात जुम्मन असतो आणि अलगू असतो, एवढेच लेखकाने पाहिले.

याच ओघात त्यांच्या घरगुती आयुष्यातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. गौरवलेखात ती गाळण्याची रीत आहे. पंधराव्या वर्षी झालेले ते पहिले लग्न सुखाचे झाले नाही. पत्नी माहेरी गेली आणि यांनी तिला परत आणले नाही. १९०६ मध्ये त्यांनी शिवरानीदेवी या बालविधवेशी विवाह केला. त्या काळी कायस्थ समाजात विधवेशी लग्न करणे हे धाडसाचे होते आणि ते त्यांनी केले, म्हणून त्यांचे कौतुक होते. ते योग्यच आहे. परंतु पहिली पत्नी हयात असल्याचे शिवरानीदेवींनाही पुष्कळ काळ ठाऊक नव्हते. हे त्यांनी स्वतः ‘प्रेमचंद घर में’ या १९४४ च्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. ज्या लेखकाने ‘निर्मला’त बिजवराशी लग्न लावून दिलेल्या मुलीचे आयुष्य कसे करपते ते लिहिले, त्याच्याच घरची एक स्त्री त्याच्या लेखणीबाहेर राहिली. ‘निर्मला’ वाचताना मला ती आठवते.

१९१६ मध्ये गोरखपूरच्या नॉर्मल स्कूलमध्ये बदली झाली. तेथला एक किस्सा शिवरानीदेवी सांगतात. संध्याकाळी मास्तर घरापुढे खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत बसले होते. निरीक्षक मोटारीतून गेले, मास्तर उठले नाहीत. साहेबाने बोलावून जाब विचारला, तेव्हा उत्तर मिळाले की, शाळेत असतो तोवर मी नोकर, घरी मी आपल्या घरचा राजा. दरम्यान शिक्षण चालूच होते. गणित ऐच्छिक झाल्यावर इंटरची परीक्षा सुटली आणि १९१९ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी, फारसी आणि इतिहास घेऊन ते बी. ए. झाले. तोपर्यंत ते दोन भाषांतले नावाजलेले लेखक होते, तरी पदवीचा हट्ट सोडला नाही. नोकरी सांभाळून परीक्षेला बसलेल्या कोणाही शिक्षकाला यातले सुखदुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. १९१५ पर्यंत त्यांचे लेखन मुख्यतः उर्दूत होते. त्या वर्षी त्यांनी निगमांना लिहिले की, आता हिंदीचा सराव करीत आहे, उर्दूत निभाव लागत नाही. त्याच पत्रात त्यांनी कडवटपणे विचारले आहे की, उर्दू लेखनात कोणा हिंदूचे भले झाले आहे, जे माझे होईल? हे वाक्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही आणि त्याचा झेंडा करण्यातही अर्थ नाही. त्यामागचा व्यवहार पाहा. ‘बाजारे हुस्न’ ही त्यांची मोठी कादंबरी आधी उर्दूत लिहून झाली. तिला उर्दूत प्रकाशक मिळेना. हिंदी रूपांतर ‘सेवासदन’ कलकत्त्याच्या प्रकाशकाने ताबडतोब काढले आणि लेखकाच्या हाती साडेचारशे रुपये पडले. मूळ उर्दू ग्रंथ लाहोरहून निघाला तो १९२४ मध्ये. ‘गोशए आफियत’ हा उर्दू खर्डा आधीचा, पण वाचकांपुढे प्रथम आला तो ‘प्रेमाश्रम’ या हिंदी रूपात, १९२२ साली. ‘चौगाने हस्ती’चेही तेच. तिचे हिंदी रूप ‘रंगभूमी’ १९२५ मध्ये आले आणि उर्दू मागाहून. थेट हिंदीत लिहिलेली पहिली कादंबरी म्हणजे १९२६ ची ‘कायाकल्प’. उर्दूवरचे प्रेम आटले म्हणून हे झाले नाही. उर्दूतल्या पुस्तकाला पैसा मिळत नव्हता. आणि तरीही ते उर्दू सोडू शकले नाहीत. त्यांची अखेरची गाजलेली कथा ‘कफन’ पहिल्यांदा छापली गेली ती १९३५ च्या डिसेंबरात दिल्लीच्या ‘जामिया’ या उर्दू मासिकात. हिंदी रूप चार महिन्यांनी आले. ‘गोदान’ची उर्दू आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९३९ मध्ये मकतबा जामियाने काढली.

तेव्हा उत्तर असे की, बेटा, दोन्हींचे. एकाच विहिरीला दोन पायवाटा होत्या. कोणत्या पायवाटेने जास्त गिऱ्हाईक येते हे विहिरीच्या हातात नव्हते.

या संदर्भात ‘कर्बला’ या नाटकाचा उल्लेख केलाच पाहिजे. १९२४ सालचे हे नाटक. देशात ठिकठिकाणी दंगली उसळत होत्या. अशा वेळी त्यांनी हजरत हुसैन यांच्या हौतात्म्यावर हिंदीत नाटक लिहिले आणि हुसैन यांच्या बाजूने लढणारे साहसराय आणि त्यांचे भाऊ हे हिंदू वीर त्यात आणले. हिंदी वाचकांना इस्लामच्या इतिहासातील एक थोर चरित्र कळावे हा उद्देश. उर्दूत ते ‘जमाना’त द्यावयाचे ठरले तेव्हा काही मुस्लिम मित्रांनी शंका काढली. परधर्मीयाने पवित्र व्यक्तींना नाटकात आणावे काय? प्रेमचंद दुखावले. आपण हुसैन यांचे चरित्र वाचले, त्यांच्याविषयी श्रद्धा उपजली, तीच या नाटकाच्या मुळाशी आहे, आणि कोणाला हिंदूच्या लेखणीतून आपल्या महापुरुषाची स्तुतीही नको असेल तर आपला आग्रह नाही, अशा आशयाचे त्यांनी निगमांना कळविले. शंका काढणाऱ्यांचीही एक बाजू होती, ती मी नाकारीत नाही. पवित्र व्यक्तींना रंगमंचावर आणू नये ही भावना जुनी आहे आणि तीत द्वेष नाही. अखेर १९२६ पासून ‘जमाना’ने ते क्रमशः छापले. नाटक म्हणून ते फारसे जमलेले नाही, रंगमंचावर ते जड जाते, हे माझे मत. पण ज्या काळात दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या वस्तीतून जायला धजत नव्हते त्या काळात हा मनुष्य मोहरमच्या कथेत जाऊन बसला होता.

नोकरीची कहाणी मध्येच सोडली होती, ती पुरी करतो. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजी गोरखपूरला आले. गाझी मियाँच्या मैदानावर अफाट जनसमुदाय लोटला. मास्तर पत्नी आणि मुलांसह सभेला गेले. खेड्यापाड्यांतून धावत आलेला तो समाज पाहून त्यांच्या मनाने उचल खाल्ली. तरी निर्णय एका रात्रीत झाला नाही. शिवरानीदेवींनी विचार करण्यास काही दिवस मागितले. घरात दोन मुले, तिसऱ्याची चाहूल, नवऱ्याची प्रकृती पोटाच्या विकाराने पोखरलेली, शिल्लक नाममात्र. आणि मग त्यांनीच संमती दिली. आठवड्याभरात राजीनामा गेला. वीस वर्षांची सरकारी नोकरी संपली. ‘सोजे वतन’च्या वेळी खाली घातलेली मान बारा वर्षांनी वर झाली. आपल्याकडे १९३० मध्ये अमळनेरची शाळा सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजी आठवावेत. फरक एवढाच की गुरुजी एकटे होते. येथे घरातल्या बाईने होकार दिला म्हणून हे घडले, आणि इतिहासात तिचे नाव कंसात येते.

नोकरी गेल्यावर चरख्यांचे दुकान झाले, कानपूरच्या एका खासगी शाळेची मुख्याध्यापकी झाली, काशी विद्यापीठात शिकविणे झाले. १९२३ मध्ये बनारसला सरस्वती प्रेस काढला आणि तो जन्मभर तोट्यात चालला. १९३० मध्ये ‘हंस’ मासिक सुरू केले, तेही तोट्यात. फाटक्या जोड्यातला प्रेमचंद ही प्रतिमा आपल्या मनात पक्की बसली आहे. तरुणपणीचे दारिद्र्य अस्सल होते यात शंका नाही. परंतु पुढे त्यांनी पुष्कळ मिळविले आणि ते दोन नियतकालिके आणि छापखाना यांत घालविले. त्यांची पुढची गरिबी ही नशिबाने आलेली कमी आणि स्वतः ओढवून घेतलेली जास्त.

ते कर्ज फेडण्यासाठीच ते मुंबईला आले. जून १९३४. अजंठा सिनेटोन या कंपनीशी वर्षाला आठ हजार रुपयांचा करार झाला. दादरला बिऱ्हाड केले. मोहन भवनानी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मजदूर’ या बोलपटाची कथा त्यांनी लिहिली. गिरणी कामगारांचा संप, पंचायत, मालकांची दोन भावंडे, एक दयाळू आणि एक उधळ्या, असा मामला. प्रेमचंद स्वतःही पंचाच्या छोट्या भूमिकेत पडद्यावर दिसले. गिरण्यांच्या या शहरात मालक मंडळींना हे रुचणार नव्हतेच. मुंबईत चित्रपटाला परवानगी मिळाली नाही. गिरणगावाची गोष्ट गिरणगावालाच पाहता आली नाही! लेखकाला येथे कोणी विचारीत नाही, पडद्यावर काय यावे ते भलतेच लोक ठरवितात, अशी तक्रार करीत वर्ष पुरे व्हायच्या आतच, एप्रिल १९३५ मध्ये ते बनारसला परतले. सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’ पडद्यावर आणला तो १९७७ मध्ये आणि ‘सद्गती’ १९८१ मध्ये. या वेळी लेखक तक्रार करायला नव्हता, आणि बहुधा त्याने केलीही नसती.

१९३६ हे शेवटचे वर्ष. एप्रिलमध्ये लखनौला प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. भाषण उर्दूत केले आणि सौंदर्याचे आपले माप आता बदलावे लागेल असे तरुण लेखकांना सांगितले. त्याच महिन्यात नागपूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषद भरली. परिषदेच्या कामाची भाषा हिंदी म्हणावी की हिंदुस्तानी यावरून शब्दाला शब्द वाढला आणि मौलवी अब्दुल हक दुखावून परतले. प्रेमचंद तेथे होते. ज्या दोन पायवाटांवरून ते आयुष्यभर ये-जा करीत होते त्यांच्यामध्ये आपल्या नागपुरात भिंत चढताना त्यांनी पाहिली. त्याच वर्षी ‘गोदान’ प्रसिद्ध झाले. होरी नावाच्या शेतकऱ्याला दारात एक गाय हवी असते, एवढीच गोष्ट. ती वाचून झाल्यावर मी दोन दिवस वर्गात नीट शिकवू शकलो नव्हतो. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी कोणत्याही भाषेत वाचावी.

जूनपासून पोटाच्या दुखण्याने उचल घेतली. सरकारने ‘हंस’कडे एक हजार रुपयांचा जामीन मागितला. ‘हंस’ तेव्हा भारतीय साहित्य परिषदेकडे होता आणि परिषदेने तो बंद करण्याचे ठरविले. अंथरुणाला खिळलेल्या प्रेमचंदांनी जामीन आपण भरू म्हणून मासिक परत घेतले आणि ते पुन्हा सुरू केले. ‘मंगलसूत्र’ ही कादंबरी अर्धी राहिली. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी सकाळी बनारसला त्यांचे निधन झाले. वय छप्पन्न.

धाकटे चिरंजीव अमृतराय, जे वडिलांनी नोकरी सोडली त्या वर्षी जन्मले, त्यांनी १९६२ मध्ये ‘कलम का सिपाही’ हे मोठे चरित्र लिहिले. त्याच्या शेवटी ते अंत्ययात्रेचे वर्णन करतात. मंडळी थोडीच होती. मणिकर्णिकेच्या वाटेवर कोणी येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारले, कोण गेले? आणि दुसऱ्याने सांगितले की कोणी एक मास्तर होता.